'श्रम' आणि 'काम': भाषांतरात अडलंय

पळाटी
तत्त्वज्ञ हॅना आरेंटच्या १९५८ च्या ग्रंथातलं एक प्रकरण मराठीत आणतेय. बाई काबाडाचे दोन प्रकार करतात. एक, जगण्यासाठी रोज करायचं, केलं की संपणारं. दुसरं, ज्यातून टिकाऊ वस्तू उरते. मी पहिल्याला 'श्रम', दुसऱ्याला 'काम' केलं. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "मंग मी निंदाले जातो, थे काम नाही त काय हाय?"

आमच्या यवतमाळकडं 'कामाले गेली' म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजीनं गेली. स्वतःच्या शेतात दिवसभर राबली तरी 'वावरात गेली', एवढंच. म्हणजे आमच्या 'कामा'त वस्तू नाहीच, रोजी आहे.

धातुपाठ
वाटणी योग्य आहे. 'श्रम्' म्हणजे थकणे, 'आश्रम' त्यातलाच. 'काम' आलं कर्म, कम्म असं. इच्छेचा 'काम' वेगळा. फक्त 'मेहनत' घेऊ नका, अरबी आहे.

डवरा
मग फारसी 'मजूर' कुठं टाकणार? 'श्रम' मी गावात फक्त श्रमदानाच्या फलकावर वाचला. शाळेनं आम्हाला नाला खोदायला नेलं, माझे वडील त्याला 'बिगार' म्हणाले. 'कष्ट' लिहा.

धातुपाठ
फलकावरचा कसा? सेवाग्राम वर्ध्यातच आहे. गांधीजींच्या एकादश व्रतांत 'शरीरश्रम' आहे. पवनारला विनोबांनी बैलांशिवाय, हातांनी शेती करून पाहिली.

डवरा
त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण व्रत म्हणून खोदणाऱ्याला उद्या थांबता येतं. रोजीवाल्याला येत नाही. दोघांना एकच शब्द मला पटत नाही.

पळाटी
हे लागलं मला. माझी आई बुलढाण्याकडची. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली. ती त्याला आजही 'दुष्काळी काम' म्हणते. केलं पोटासाठी, रोज संपणारं. पण तो रस्ता अजून आहे, त्यावरून एसटी जाते. आरेंटबाईंच्या कोणत्या खान्यात टाकू?

कोराडी
मधेच विचारतो. 'निंदाले' पुण्याच्या वाचकाला कळेल? 'खुरपणी' करा.

डवरा
का म्हणून? खुरपणी आम्ही रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकली. घरात निंदणच.

धातुपाठ
कोल्हापूरकडं तर 'भांगलण' म्हणतात. प्रमाण कोणतं मानायचं, ते आधी ठरवा.

पळाटी
सासूबाईंचं वाक्य बदलणार नाही. 'काम'चं सांगा ना कोणीतरी.

कोराडी
निंदण आणि निंदा, मूळ एकच का?