न्युर्नबर्गचा ख्रिसमस बाजार: माळकरी आई-आप्पांना न्यावं का?

तापीकाठ (शहादा)
मी जर्मनीत, न्युर्नबर्गजवळच्या एर्लांगनला नोकरीला आहे. आई-आप्पा डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच येताहेत. दोघं माळकरी, अंडंही चालत नाही. आप्पांचे गुडघे दुखतात. सारंगखेड्याची यात्रा त्यांनी आजवर चुकवलेली नाही. यंदा ती हुकणार म्हणून हिरमुसलेत. म्हणून न्युर्नबर्गचा बाजार त्यांना मनासारखा दाखवायचाय. कधी जावं, काय खाऊ घालावं?

अमळनेरची लेक
भाऊ, नक्की ने. मी इथेच राहते, सासूबाईंना नेलं होतं. शनिवार-रविवार मात्र नको, मुंगीला शिरायला जागा नसते. मधल्या वारी साडेअकराला पोहोचा. रेल्वे स्टेशनपासून चालवू नकोस, दगडी फरसबंदी गुडघ्यांना फार जाचते. यू-वन मेट्रोने लोरेन्त्सकिर्शला उतरा, तिथून बाजाराचा चौक जवळच.

बरोबर 12 वाजता फ्राउएनकिर्श चर्चच्या घड्याळाखाली उभे राहा. सम्राट चौथा कार्ल बसलेला असतो आणि सात राजपुत्र त्याच्याभोवती फिरतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं यंत्र आहे ते. मग कुठेतरी आत बसून गुडघ्यांना आराम द्या आणि चारला परत या. सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, दुकानांवरच्या लाल-पांढऱ्या कापडाखाली दिवे लागतात. दोन्ही वेळा बघाच.

आईंना सुक्या आलुबुखारचे बाहुले दाखव. डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगवलेले नाक-डोळे, हातपाय तारेत ओवलेल्या फळांचे. कुणी झाडूवाला, कुणी म्हातारी. सासूबाई त्या दुकानापुढून हलेचनात.

खाण्याचं जपून. बटाट्याच्या किसाची तळलेली थालीपिठं लोक सुचवतील, पण त्यात बहुधा अंडं असतं. लेबकुखन या मसाल्याच्या केकमध्येही असतं. साखरेत घोळवलेले गरम बदाम आणि भाजलेले चेस्टनट बिनधास्त द्या. ग्लूवाइन म्हणजे गरम मसालेदार वाइन, ती नको; ‘किंडरपुन्श’ मागा, फळांच्या रसाचा असतो. कपासाठी वर अनामत घेतात, कप परत दिला की पैसे मिळतात. पोटभरीला घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ने. सॉसेज भाजण्याचा वास सगळीकडे असतो, तेवढं त्यांना आधी सांगून ठेव.

भुसावळकर
थंडी पायांतून चढते, तेव्हा जाड तळाचे बूट आणि लोकरी मोजे आधी घ्या. आप्पांची टोपी कान झाकत नसेल तर मफलर हवाच.

एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बफेकीत हे जुनं शहर जवळपास जमीनदोस्त झालं होतं. आज दिसतं त्यातलं बरंचसं पुन्हा उभारलेलं आहे आणि बाजार 1948 मध्ये पुन्हा भरू लागला. हे कळलं की त्या चौकाकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

माझा जन्म रेल्वे क्वार्टरमधला, म्हणून हेही सांगतो: दुपारचे मधले तास रेल्वे म्युझियममध्ये घालवा. जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली प्रवासी गाडी 1835 मध्ये न्युर्नबर्ग ते फ्युर्ट धावली. तिथे बसायलाही मिळेल.

तापीकाठ (शहादा)
ताई, दादा, मनापासून आभार. आप्पांची सुट्टी 20 डिसेंबरनंतर धरली तर चालेल?

अमळनेरची लेक
त्याआधीच धर. 24 ला दुपारी बाजार आटोपतो आणि शेवटच्या दिवसांत गर्दी वाढत जाते. पहिल्या ॲडव्हेंट रविवारच्या (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांतला पहिला) आधीच्या शुक्रवारी सुरू होतो, त्यानंतरचा पहिला आठवडा तुमच्यासाठी उत्तम.