मदत हवी आहे: डीप पर्पल, ब्लॅकमोरनंतरचं काय ऐकवू?

मंडळी, पुढच्या महिन्यात मामाची साठी. कोथरूडच्या घरी गाण्यांची बैठक ठरवलीय, फक्त डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची. मामा कट्टर. त्याच्या लेखी १९९३ मध्ये गिटारवादक रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेला आणि बँड संपला. "पुढचं सगळं पाटी जुनी, मालक नवा," हे दर रविवारी चहासोबत ऐकतो.

मला ते पटत नाही. १९६८ पासून एकटा ड्रमर इयन पेसच टिकलाय. कव्हरडेल आणि ह्यूज हे नवे गायक आले तेव्हाही लोक असेच चिडले असणार, पण १९७४ चा 'बर्न' अल्बम आज मामाच डोक्यावर घेतो! जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनची जागा भरली नाही, हे मात्र मान्य. गायक गिलनचा आवाजही आता वर चढत नाही. (मामाचा तरी कुठे चढतो?)

तर ब्लॅकमोरनंतरचा गिटारवादक स्टीव्ह मोर्स याच्या काळातली तीन-चार गाणी सुचवा, जी ऐकून हट्टी माणूस निदान गप्प बसेल. त्यातला 'पर्पेंडिक्युलर' अल्बम ऐकलाय, त्यापुढचं सांगा. मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड आल्यानंतरचं एखादं चालेल.

आणखी एक. मामाच्या 'मेड इन जपान'च्या कॅसेटमधला, फीत ज्यावर टेकते तो नमद्याचा चिमुकला तुकडा गळून पडलाय. आवाज दबका येतो. पुण्यात असलं काम अजून कोण करतं? पेठांमध्ये असेल तर उत्तमच, स्कूटरवर जाऊन येईन.