बोअर उपसून शेततळं भरायला ग्रामसभेची परवानगी लागावी का?

कोरडवाहू

मंडळी, १ मेच्या ग्रामसभेत आमच्या गावात (जालना जिल्हा, नाव मुद्दाम लिहीत नाही, आधीच दोन घरांनी बोलणं टाकलंय) एक ठराव यायचा होता. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं भरायचं असेल तर आधी ग्रामसभेची परवानगी घ्यायची. पावसाचं वाहून आलेलं पाणी कितीही साठवा, त्याला कुणाची ना नाही. ठराव वाचून व्हायच्या आधीच सभा उठली. एकानं तर खुर्ची उचलली. मारायला नाही, घरी न्यायला. मंडप त्याचाच होता.

मी ठरावाच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

माझ्या बांधाला लागून एक शेततळं आहे. ३० बाय ३०, तीन मीटर खोल. कडांचा उतार धरला तर २१९६ घनमीटर बसतं, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं, आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. पुढं पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, ती २५ लाखांची. देशभर गाजलं. तसली जवळजवळ एक अख्खी गाडी माझ्या शेजाऱ्याच्या रानात उभी आहे. गावात मिळून अशी चौदा.

ते भरतं कसं तेही बघा. जानेवारीत रात्रपाळीची लाईट आली की तीन बोअर चालू. दोन इंची पाइप तळ्याच्या काठावर दगडाखाली दाबलेला. पहाटे पाणी तुटतं, मोटर हवा ओढायला लागते, पाइप फुरफुरतो. तासभर बंद ठेवायची, पुन्हा चालू. मार्चअखेर तळं काठोकाठ. तोवर माझ्या ४५ फुटी विहिरीत बादली सोडली की खडकावर आपटल्याचा आवाज येतो.

आणि उघड्यावर आणलेलं पाणी उडतं. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर धरा. ९०० चौरस मीटरवरून ७२०० लिटर झालं, एका दिवसाचं. आम्हाला येणारा टँकर १२ हजार लिटरचा आहे. दोन तळी मिळून रोज टँकरभराहून जास्त पाणी सूर्याला पाजतात. जमिनीच्या पोटात होतं तेव्हा ते जाग्यावर होतं.

तुमच्याकडं काय पद्धत आहे, सांगा.

मोसंबीवाला

दादा, हिशोब चांगला मांडलात. आता माझाही ऐका, मीही जालन्याचाच.

२०१२-१३ च्या दुष्काळात माझी चारशे झाडं गेली. अकरा वर्षांची बाग. मोसंबीचं झाड एका दिवसात मरत नाही. आधी पानं द्रोणासारखी गुंडाळतात, मग गळतात. लिंबाएवढं फळ तसंच हिरवं वाळून फांदीला लटकत राहतं, हलवलं तर खुळखुळतं. दोन महिने रोज सकाळी ते बघायला गेलो. टँकरनं पाणी विकत घालून बघितलं, अंगावर कर्ज राहिलं. शेवटी कुऱ्हाड लावली आणि सरपणाच्या भावानं लाकूड दिलं. ज्वारी गेली तर एक हंगाम जातो हो, बाग गेली तर पोरं शाळेत जायची ती कॉलेजात गेलेली असतात.

त्यानंतर तळं केलं. ते तळं म्हणजे माझी बँक आहे. उन्हाळ्याचे ऐंशी-नव्वद दिवस बाग जगवायला पाणी कुठून तरी आधी जमा करून ठेवायलाच लागतं, आणि आमच्याकडं पाऊस पडतो चार दांडग्या सरींत. सगळा वाहून येईल असा उतार प्रत्येकाच्या रानाला असतो का?

परवानगीचं म्हणाल तर सात बोअर फेल गेले माझे. नारळ हातावर आडवा धरून फिरणाऱ्या पाणाड्यानं दाखवलेल्या जागी, मशीनवाल्यानं दाखवलेल्या जागी, सगळीकडं. तामिळनाडू पासिंगच्या गाडीला फुटाफुटाचे पैसे मी मोजले. धुरळा उडत होता तेव्हा गाव बघायला जमलं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की पाणी सगळ्यांचं, खर्चही सगळ्यांचा.

शिवाय मी ठिबकनं देतो. विहिरीवर पाटानं दार धरून भिजवणारे आम्हाला बाष्पीभवन शिकवतात, याची गंमत वाटते.

ऊसतोड

ऊस कुठंय या चर्चेत? राज्यात लागवडीच्या चार टक्के रानावर ऊस आणि सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी त्याला. राज्याच्या सिंचनावरच्या चितळे आयोगानं १९९९ सालीच सांगितलं होतं की तुटीच्या भागात ऊस नको. कारखाने वाढतच राहिले. बोलायचं ते मोसंबीवर.

पाषाण

मोसंबीवाले, तुमचं दुःख खरं आहे, पण "माझी बोअर, माझं पाणी" इथं अडतं. भूजलाच्या कामात वीस वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, ही समजूत १८८२ च्या इंग्रजी अमलातल्या सुविधाधिकार कायद्यातून आली. तेव्हा पाणी मोटेनं निघायचं. बैल दमले की उपसा थांबायचा. बैल हाच मीटर होता म्हणा. सबमर्सिबल दमत नाही, आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला बिलही नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे आणि त्यात ६० मीटरच्या, म्हणजे २०० फुटांच्या, खाली जाणाऱ्या विहिरींवर निर्बंध आहेत. तरी आज सहाशे फुटांची बोअर कुठल्याही गावात मारून मिळते. मशीनवाल्याला कायदा विचारून बघा, तो केसिंग पाइपचा दर सांगेल.

आता खडक. आपल्याकडं वाळूचे थर नाहीत, लाव्हाचा काळा खडक आहे. पाऊस मुरतो तो वरच्या मुरमात आणि त्याखालच्या फुटलेल्या, कुजलेल्या खडकात. साधारण विहिरीच्या खोलीपर्यंतचाच हा खेळ. त्याखाली पाषाण लागतो, त्यात पाणी फक्त भेगांत आणि दोन थरांमधल्या लाल गेरूच्या आसपास. ती भेग सातबारा बघून थांबत नाही. तुमच्या रानात सापडलेलं पाणी चार शेतं ओलांडून आलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे बोअरला केसिंग असतो वरचे वीस-तीस फूट. खालची नळी उघडीच. त्यामुळं वरच्या थरातलं, विहिरींना मिळणारं पाणी बोअरमधून खाली सांडत राहतं. मोटर बंद असताना रात्री बोअरच्या तोंडाला कान लावा. खाली पाणी पडल्याचा आवाज येतो. शेतकरी खूश होतो, पाणी बोलतंय म्हणून. ते शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी असतं.

मोसंबीवाला

कान लावला आहे. आवाज येतो. आम्ही त्याला "झिरा लागला" म्हणतो. तुम्ही म्हणता तसं असेलही. पण मग विहीरवाल्यांनी आडवे बोअर मारलेत ना विहिरीत, चारी दिशांनी शंभर-शंभर फूट? ते कुणाच्या बांधाखाली जातात? त्यावर ठराव का नाही?

कोरडवाहू

हे खरं आहे. माझ्याही विहिरीत दोन आहेत.

हंडाकळशी

दादा-काका लोकांनो, मघापासून वाचतेय. सगळ्यांचं भांडण रान असलेल्यांचं रान असलेल्यांशी. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही त्यांचं काय? आमच्या वस्तीवर चाळीस घरं आहेत, त्यातली सहा जमीनवाली. हातपंप फेब्रुवारीत आटला. आता पहाटे शेततळ्याच्या मालकिणीला "वहिनी, दोन हंडे घेऊ का" म्हणून विचारायला जायचं. ती बिचारी नाही म्हणत नाही, पण नवरा घरी असला की डोळ्यानंच खुणावते. तारेच्या कुंपणाखालून हंडा सरकवायचा आणि कागदावर पाय घसरू नये म्हणून एकीनं दुसरीचा पदर धरायचा. त्या कागदावरून पाय घसरला की वर येता येत नाही. दोर बांधून ठेवायला किती खर्च येतो? तो ठराव आधी करा.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी वाटायचं ते रानावर नाही, माणसांवर. डोई अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जायचं नाही. पन्नास वर्षं झाली. ग्रामसभेत हे कुणी वाचून दाखवलं का?

बांधावरचा

ताई, नमस्कार. पण तसं करायला साळुंखे लागतात.

हंडाकळशी

साळुंखे इंजिनिअर होते, देव नव्हते.

पुणेकर_नावालाच

हिवरे बाजारचं उदाहरण कसं काय कुणी दिलं नाही? पोपटराव पवार १९९० ला सरपंच झाले. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव, शेतीला बोअर बंद, ऊस आणि केळी बंद. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीला काय घ्यायचं ते ठरवतात. एका गावाला जमतं तर सगळ्यांना जमेल. मानसिकता बदलायला हवी.

मोसंबीवाला

वाटच बघत होतो. दर उन्हाळ्यात पुण्याहून एक हिवरे बाजार येतोच.

साहेब, ते गाव मोठं आहे, मीही बघून आलोय, दोनदा. तिथं आधी कित्येक वर्षं चर खणले, झाडं लावली, श्रमदान केलं, पाणी वाढल्याचं लोकांनी डोळ्यांनी बघितलं, आणि मग बंधनं टिकली. आमच्याकडं बंधन आधी आणि काम नंतर. आणि आमचं गाव तीन गावांच्या मध्ये, एकाच ओढ्यावर. मी बोअर बंद ठेवली तर वरच्या गावाची चालूच. आमच्या ग्रामसभेचा ठराव वरच्या शिवारातल्या मोटरला कळतो का? माझी बाग वाळेल आणि त्यांचं तळं भरेल, एवढाच फरक.

मानसिकतेचं म्हणाल तर तुमच्या सोसायटीत तळमजल्यावर गाड्या पाइपनं धुतात की बादलीनं?

पुणेकर_नावालाच

बादलीनं. वॉचमन धुतो. मुद्दा पोचला.

पाषाण

वरच्या गावाचा मुद्दा बिनतोड आहे. भूजलाची हद्द गावाची नसते, पाणलोटाची असते. कायद्यातही पाणलोट समितीचीच कल्पना आहे. पण निवडणूक होते ग्रामपंचायतीची, पाणलोटाची होत नाही, म्हणून ती समिती कागदावर राहते.

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी तपासावी. २०१६ च्या "मागेल त्याला शेततळे" योजनेत इनलेट-आउटलेट नसलेल्या शेततळ्यांनाही अनुदान होतं. ज्या तळ्यात ओढ्याचं, उताराचं पाणी शिरायला वाटच ठेवली नाही ते भरणार कशानं? तेव्हा एकट्या शेतकऱ्याच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. पैसे देणाऱ्यालाही ते माहीत होतं.

मधला रस्ता असेल तर तो भरायच्या वेळेत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात विहिरी तुडुंब असतात, ओढा वाहतो, तेव्हा उपसलेली जागा पुढच्या पावसात पुन्हा भरू शकते. जानेवारीनंतर उपसलेलं मात्र पुढच्या जूनपर्यंत कुणी भरून देत नाही. तेव्हा बंदी घालायचीच तर भरण्यावर घालू नका, डिसेंबरनंतरच्या भरण्यावर घाला.

कोरडवाहू

वाचायला बरं वाटतं. पण जानेवारीत रात्री दोन वाजता कुणाची मोटर चालू आहे हे बघायला कोण जाणार? ग्रामसेवक? त्याच्याकडं तीन गावं आहेत. मी गेलो तर भांडखोर. आणि सप्टेंबरात तळं भरून ठेवलं तर तेच पाणी आठ महिने उन्हात उडणार, माझा पहिला मुद्दा आणखी वाढला.

मोसंबीवाला

वरून शेडनेट टाकतात काही जण. खर्च आहे, पण थोडं वाचतं.

डिसेंबरचं मी मान्य करेन. एका अटीवर, आडवे बोअरही त्याच तारखेला बंद. आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी बागेला किती आणि प्यायला किती, हे ऑक्टोबरातच बसून ठरवायचं, मार्चमध्ये टँकर आल्यावर नाही. हंडाकळशीताई, दोराचं माझ्या डोक्यातच नव्हतं. काल चारी कोपऱ्यांना बांधलेत, गाठी मारून. वस्तीवरच्या कुणाला यायचं असेल तर कुंपणाखालून नको, फाटकातून या.

हंडाकळशी

तुमचं गाव वेगळं, आमचं वेगळं, दादा. पण आमच्या वहिनींना हे वाचून दाखवते.

ऊसतोड

उसावर अजून कुणी बोललं नाही.

कोरडवाहू

ताजी बातमी. आज सकाळी शेजाऱ्याकडं गेलो होतो. ठराव काढला नाही, चहा घेतला. मग म्हटलं, तुझ्या तळ्याच्या कडेला मापाची पट्टी लावू का, रोज किती उतरतं ते लिहून ठेवू, १५ ऑगस्टच्या सभेत आकडे तरी असतील. तो बराच वेळ काही बोलला नाही. कपातला चहा बशीत ओतून प्याला. मग म्हणाला, "लाव. पण तसलीच एक तुझ्या विहिरीत पण लाव. आणि आडवे बोअर चालू असतील त्या दिवशीचा आकडा मी येऊन लिहिणार."

चुना आणि ब्रश घेऊन आलोय. विहिरीत उतरायला माणूस बघतोय.