माहितीचा अधिकार लोकांना आपला कसा वाटेल?

नवा_गडी: 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी गावात माहिती अधिकारावर कार्यक्रम घ्यायचाय. मागच्या खेपेला मी पाऊण तास कलमं समजावली. अकरा माणसं, त्यातली चार चहासाठी थांबलेली. एक आजोबा म्हणाले, "पारदर्शकता म्हणजे काचेचं काही असतं का रं?" सगळे हसले, मीही हसलो, घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. यंदा काय वेगळं करू?

गटारवाली: भाऊ, कलमं पिशवीतच राहू द्या. आमच्या आळीत गटार झालं तेव्हा मी त्याचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) मागितली. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सला पानामागे 2 रुपये. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील टाकलं, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागितली, तेव्हा कागद हलले.

कागदावर गटार 120 मीटर. गवंड्याकडून टेप आणला. शेजारच्या काकूंनी एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरलं, मी चालत सुटले. 84 वर गटार संपलं, पुढे नुसती घाणेरी! याच काकूंना आधी विचारलं होतं, अर्ज तुमच्या नावानं टाकू का? तर "नको बाई, रेशन बंद करतील." आता ती प्रत त्यांच्या पिठाच्या डब्यात असते, मलाही हात लावू देत नाहीत. (उरलेलं गटार अजून झालेलं नाही, हेही सांगते.)

जुना_मास्तर: राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनवाया घेतल्या, त्यात हेच तर केलं. हजेरीपट मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याचं नाव तोच समोर बसलेला. मेलेल्या माणसांच्या नावावरही मजुरी उचललेली निघाली. 1996 ला माहितीच्या हक्कासाठी ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, तेव्हा 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा कुठे होता? एक मात्र सांगतो, सुरुवात घरकुलाच्या यादीनं करू नका. भावकीत जुंपेल आणि हिशेब बाजूला राहील.

नवा_गडी: शाळेमागे पाण्याची टाकी बांधलीय, आजवर थेंब पडलेला नाही. नेमकी त्याच आजोबांच्या बांधाला लागून. उद्या सकाळी त्यांच्याकडेच जातो. ताई, अर्जात काय लिहू?

गटारवाली: एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'का बांधली' विचारू नका, कागदांच्या प्रती मागा. आणि आजोबांना अर्ज वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊन येऊ नका.