मदरबोर्ड बदलल्यावर रूट (सिस्टिमचा मुख्य भाग) सापडेना झालंय

खानापूरकर: वाचनालयाच्या डेबियन (लिनक्स) मशीनचा बोर्ड बदलला, डिस्क त्याच, रेड 1 (दोन्ही डिस्कवर तीच माहिती) वर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था), आता चालू होताना पडद्यावर कंसात इनिट्रॅमएफएस (सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टिम) येऊन थांबतंय, काय करू सांगा की

निपाणीवाला: तिथंच कॅट /प्रॉक/पार्टिशन्स मारा, डिस्कची यादी येईल. डिस्क दिसल्या तर रेड जोडायला एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन, मग एलव्हीएम चालू करायला एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय, मग एक्झिट.

खानापूरकर: एकपण डिस्क दिसत नाही ओ

टिळकवाडी: मग डिस्कचा ड्रायव्हरच नाही इनिट्रॅमएफएसच्या आत. इनिट्रॅमएफएस.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये मॉड्यूल्स=डेप असणार, त्यात जुन्या बोर्डापुरतेच ड्रायव्हर भरतात. लाइव्ह पेनड्राइव्हवरून रेड, एलव्हीएम उघडून रूट आणि बूट माउंट करा, डेव्ह, प्रॉक, सिस हे फोल्डर बाइंड करून (त्यात जोडून) सीएचरूट करा, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिराल, त्या फाइलमध्ये डेपच्या जागी मोस्ट (बहुतेक सगळे ड्रायव्हर) लिहा, मग इनिट्रॅमएफएस नव्यानं बनवायला अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल.

खानापूरकर: झालं बघा सर, चालू झालं! सगळी पुस्तकांची नोंद त्यातच होती ओ, लई उपकार झाले.