‘चौथीपासून’चा पेच: मुलांना ‘मॉन्स्टर्स इंक.’ आधी दाखवावा की ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’?

धागाकर्ती: राजारामपुरीची मावशी

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या सभागृहात मे महिन्याच्या सुट्टीत दर रविवारी दुपारी मुलांना एक चित्रपट दाखवण्याचा उपक्रम आम्ही काही पालक चालवतो. या वर्षी लागोपाठच्या दोन रविवारी पिक्सारचे ‘मॉन्स्टर्स इंक.’ (२००१) आणि त्याची पूर्वकथा असलेला ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’ (२०१३) दाखवायचे ठरवले आहे. तयारी म्हणून मी दोन्ही चित्रपट चौथीत शिकणाऱ्या माझ्या भाच्यासोबत पाहिले आणि तिथेच अडचण उभी राहिली.

पहिल्या चित्रपटात माइक आणि सली हे दोन राक्षस मुलांना घाबरवून त्यांच्या किंकाळ्यांतून ऊर्जा मिळवणाऱ्या कारखान्यात काम करतात. सकाळी कामावर निघताना माइक सलीला म्हणतो की, माझ्या देखणेपणावर तू चौथीपासून जळतोस. पूर्वकथेत मात्र दोघांची पहिली भेट थेट विद्यापीठात होते, आणि त्या चित्रपटाच्या सुरुवातीला छोटा माइक शाळेच्या सहलीबरोबर कारखाना पाहायला जातो तेव्हा सली त्या वर्गात कुठेही नाही. भाच्याने लगेच विचारले, “मावशी, मग चौथीत त्याच्याबरोबर कोण होतं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्याकडे पाच ते बारा वर्षांची मुले येतात आणि त्यांचे लक्ष फार बारीक असते. कोणता चित्रपट आधी दाखवावा, आणि ही विसंगती आधीच सांगून टाकावी की मुलांना स्वतःहून सापडू द्यावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: रंकाळाकाठ

ताई, माझ्या मते पूर्वकथा आधी दाखवावी. विद्यापीठातला माइक किती आत्मविश्वासाने आणि वाढवून बोलतो हे मुलांनी एकदा पाहिले की, पुढच्या रविवारी ‘चौथीपासून’ हे वाक्य त्यांना त्याच्या स्वभावातली फुशारकी म्हणूनच ऐकू येईल आणि विसंगती तिथल्या तिथे विरून जाईल. शिवाय लहान मुलांना काळ सरळ पुढे जाणारा असला की गोष्ट समजायला सोपी जाते.

प्रतिसाद: चित्रनगरीतला सहायक

मी काही वर्षे येथील चित्रनगरीत होणाऱ्या मालिकांच्या चित्रीकरणात सहायक म्हणून काम केले आहे आणि ‘कंटिन्युइटी’ सांभाळणे हा त्या कामाचाच भाग होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमच्याकडे प्रसंग क्रमाने चित्रित होत नाहीत. सकाळी शेवटचा प्रसंग आणि दुपारी पहिला, असे नेहमीच घडते, त्यामुळे नायिकेच्या हातातल्या बांगड्या किती होत्या, पेल्यात पाणी कुठवर होते, पदर कोणत्या खांद्यावर होता, याची नोंद ठेवावी लागते, आणि तरीही चूक राहते. ती चूक नजरचुकीची असते. ॲनिमेशनमध्ये अशा नजरचुकीला जागा फारच कमी आहे, कारण पडद्यावरची प्रत्येक वस्तू, प्रत्येक पापणी कोणीतरी मुद्दाम घडवलेली असते, आणि एकेका चित्रपटावर कित्येक वर्षे काम चालते. म्हणून ॲनिमेशनपटात आणि त्याच्या पूर्वकथेत कथेच्या पातळीवर इतकी ठळक विसंगती दिसली, तर ती बहुधा विसरून राहिलेली नसते. कोणीतरी ती समोर पाहून, तिची किंमत मोजून स्वीकारलेली असते.

येथे नेमके तेच घडले आहे. पूर्वकथेचे दिग्दर्शक डॅन स्कॅनलन यांनी याबद्दल उघडपणे सांगितले आहे. त्यांच्या चमूला ते वाक्य ठाऊक होते, आणि माइक व सली शाळेत भेटतात अशी मांडणी त्यांनी करूनही पाहिली होती. पण मग दोघांना शाळेत भेटवून एकदम विद्यापीठात आणावे लागत होते आणि मैत्री कशी जमली हा भागच प्रेक्षकांच्या नजरेआड जात होता. पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक पीट डॉक्टर यांनीच त्यांना सांगितले की, त्या वाक्याचा मान राखण्यापेक्षा कथेला जे हवे ते करा. पुढे ‘चौथीपासून’ हा राक्षसांच्या जगातला जुना वाक्प्रचार आहे, असे स्पष्टीकरण स्कॅनलन यांनी दिले. मला ते स्पष्टीकरण ओढूनताणून आणलेले वाटते, पण त्यामागचा निर्णय पूर्णपणे पटतो. एका ओळीच्या विनोदासाठी दोन अनोळखी, एकमेकांना न आवडणाऱ्या मुलांची मैत्री होण्याची गोष्ट गमावणे हा फार मोठा तोटा ठरला असता.

क्रमाबद्दल माझे मत रंकाळाकाठ यांच्यापेक्षा वेगळे आहे. २००१ चा चित्रपटच आधी दाखवा. पूर्वकथेतला सगळा जीव असा आहे की, माइक पोटतिडकीने अभ्यास करतो, घाबरवण्याच्या शास्त्राची सगळी पुस्तके पाठ करतो, आणि आपल्याला मात्र ठाऊक असते की तो कधीच घाबरवणारा होणार नाही, सलीचा सहायक होणार आहे. हे ठाऊक नसेल तर तो एक साधा स्पर्धेचा चित्रपट उरतो. रँडलचेही तसेच आहे. पहिल्या चित्रपटातला तो कपटी, डोळे बारीक करून पाहणारा प्रतिस्पर्धी मुलांच्या मनात पक्का बसलेला असला, की विद्यापीठात माइकच्या खोलीत राहणारा, जाड चष्म्याचा, मित्र मिळवण्यासाठी केक भाजणारा रँडल पाहून सभागृहात जी शांतता पसरेल ती तुम्ही अनुभवाच. चष्म्यामुळे तुझे अदृश्य होणे लपत नाही, असे माइकच त्याला सांगतो. म्हणजे पुढच्या काळातल्या त्या बारीक डोळ्यांचे मूळ इथे आहे. एक धागा तुटला, पण असे कितीतरी धागे नव्याने जोडले गेले आहेत. पूर्वकथेत कारखान्याच्या टपालखात्यात भेटणारा हिममानव आठवा. टपालाशी छेडछाड केल्यास हद्दपारीची शिक्षा होते, असे बजावणारा तोच पहिल्या चित्रपटात हिमालयात हद्दपार झालेला दिसतो.

प्रतिसाद: दोन लेकरांची आई

मीही पहिल्या चित्रपटाच्या बाजूने आहे, पण माझे कारण व्यावहारिक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बू ही छोटी मुलगी लगेच आपलीशी वाटते. विद्यापीठातले मित्रमंडळांचे डावपेच, त्यांचे प्रवेश आणि त्यांच्या स्पर्धा या आपल्याकडच्या लहान मुलांना अनोळखी आहेत. शिवाय पहिला चित्रपट दीड तासाचा आहे, तर दुसरा त्याहून दहा-बारा मिनिटांनी मोठा आहे. मधे दहा मिनिटांची सुट्टी नक्की ठेवा.

धागाकर्ती: राजारामपुरीची मावशी

सर्वांचे मनापासून आभार. सहायक दादा, ‘किंमत मोजून स्वीकारलेली’ हे मला फार पटले. भाच्याचा दुसरा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. पूर्वकथेच्या शेवटी माइक आणि सली मानवी जगातल्या शिबिरात अडकतात आणि मोठ्या माणसांना घाबरवून इतकी ऊर्जा निर्माण करतात की विद्यापीठातले यंत्र ती पेलू शकत नाही. असे असेल, तर पहिल्या चित्रपटात ऊर्जेची टंचाई असताना कारखान्यातल्या कोणालाच मोठ्या माणसांना घाबरवण्याची कल्पना का सुचली नाही?

प्रतिसाद: चित्रनगरीतला सहायक

ताई, भाच्याला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण ‘चौथीपासून’पेक्षा ही विसंगती जास्त खोल आहे. ते एक वाक्य काढून टाकले तरी पहिला चित्रपट उभा राहतो. ऊर्जेची टंचाई मात्र त्या चित्रपटाचा पाया आहे. टंचाईमुळेच कारखान्याचा प्रमुख वॉटरनूज मुलांना पळवून आणण्यापर्यंत जातो आणि शेवटी हसण्यात किंकाळीपेक्षा दसपट शक्ती असल्याचा शोध महत्त्वाचा ठरतो.

माझा तर्क असा आहे. शिबिरातला तो प्रसंग बेकायदा होता, त्यापायी दोघांची विद्यापीठातून हकालपट्टी झाली, आणि मोठ्या माणसांच्या एवढ्या जमावाला घाबरवायला माइकची योजना आणि सलीची ताकद दोन्ही एकत्र लागली. असा प्रकार रोजच्या कामाची पद्धत होऊ शकत नाही. मोठी माणसे राक्षसांचा शोध घेऊ लागतील ही भीतीही असणार. पण चित्रपट हे कुठेही स्पष्ट बोलत नाही, त्यामुळे हा प्रेक्षकाचा तर्क आहे असेच मुलांना सांगावे. पटकथाकारांची उणीव आपल्या हुशारीने बुजवून ती नव्हतीच असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद: पंचगंगा

याच संदर्भात सांगावेसे वाटते. ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) सिंहांचा राजा मुफासा आपल्या छाव्याला, सिंबाला, सांगतो की, गतकाळचे थोर राजे ताऱ्यांतून आपल्याकडे पाहतात हे मला माझ्या वडिलांनी सांगितले. २०२४ च्या ‘मुफासा’मध्ये मात्र तो राजघराण्यातला नसतो, पुरात वाहून आलेला पोरका छावा असतो, आणि पहिल्या चित्रपटातला खलनायक स्कार त्याचा सख्खा भाऊ राहत नाही. तिथे नात्यांचीच मांडणी बदलली आहे, आणि मला ते ‘चौथी’पेक्षा कितीतरी जास्त खटकले. मुले मोठी झाली की ही जोडीही अवश्य दाखवा.

धागाकर्ती: राजारामपुरीची मावशी

ठरले तर. २००१ चा चित्रपट पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता, मधे सुट्टी आणि भडंग. विसंगतीबद्दल आधी काहीही सांगणार नाही आणि ‘चौथीपासून’ हे वाक्य आले की चित्रपट थांबवणारही नाही. दुसऱ्या रविवारी चित्रपट संपल्यावर मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या देणार आहे. दोन चित्रपटांत जे जुळले नाही आणि जे छान जुळले, ते दोन्ही त्यांनी लिहायचे. भाच्याला तोंड बंद ठेवण्याची शपथ घातली आहे. चिठ्ठ्या हाती आल्या की त्यांतले निवडक प्रश्न येथे लिहीन. सहायक दादा, त्या दिवशी आपल्याला वेळ असेल तर कृपया मुलांसमोर बसायला या.

प्रतिसाद: चित्रनगरीतला सहायक

नक्की येतो. माझ्या जुन्या कंटिन्युइटीच्या वह्या घरी आहेत. बांगड्या आणि पेले यांच्या नोंदी असलेली एखादी सोबत आणतो.