पिऊन गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कितपत उपयोगी पडतो?

प्रश्न: फुल इन्शुरन्स आहे. चालक प्यायलेला निघाला तर कंपनी पैसे देते का? आणि समोरच्याचं काय?

उत्तर १: स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नामंजूर होतो, पॉलिसीतच तसा अपवाद असतो. १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ : पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण दंड ही किरकोळ रक्कम हो!

उत्तर २: खरा खर्च नुकसानभरपाईचा. समजा, मृत व्यक्ती ३२ वर्षांची, स्वतःचा व्यवसाय, महिना २०,००० कमाई, मागे बायको नि दोन मुलं. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २८,०००. त्यातून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, मग वर्षाचे म्हणून गुणिले १२, आणि वयावरून ठरणारा गुणक म्हणून गुणिले १६. झाले ३५,८४,०००. व्याज वेगळं. कंपनी हे कुटुंबाला देते, पण न्यायालयाने मुभा दिली की गाडीमालकाकडून वसूल करते. घर, शेत विकायची वेळ येते.

उत्तर ३: पीडितांच्या घरच्यांनो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि कमाईचा पुरावा आधी गोळा करा. पुरावा नसला की न्यायाधिकरण उत्पन्न अंदाजाने धरतं, आणि ते बहुधा कमीच असतं.